टायगर मॉथ: तळहातावर मावणाऱ्या या प्लास्टिकच्या विमानात एवढं काय आहे?

गोंदिया शहराला लागूनच फुलचूर आहे. तिथून जवळच बिरसीचा विमानतळ आहे आणि बिरसीत वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. त्यामुळे या भागातल्या लोकांना डोक्यावर घिरट्या घालणारी छोटी विमानं नवीन नाहीत. बिरसीतल्या शिकाऊ वैमानिकांच्या हाती असतं डायमंड डीए-४०. बंद काचेची केबिन, कंपोझिटचं गुळगुळीत अंग आणि पंखांची एकच जोडी.

पण बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी बांधली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. तेव्हा भारतात कुणाला लढाऊ वैमानिक व्हायचं असेल, तर सुरुवात हैदराबादच्या बेगमपेठला किंवा जोधपूरला व्हायची आणि पहिलं विमान बहुतेक वेळा टायगर मॉथ असायचं. लाकूड, स्टीलच्या नळ्या, वरून ताणून बसवलेलं कापड आणि एकावर एक दोन पंख. हे विमान आज जवळून बघायला मिळणं अवघडच. मात्र त्याचं प्लास्टिक मॉडेल किट घरी जोडता येतं.

किट म्हणजे नक्की काय?

खोकं उघडलं की विमान दिसतच नाही. दिसतात त्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले सुटे भाग. वितळलेलं पॉलिस्टायरीन साच्यात दाबून हे भाग बनवतात. भाग कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, रंगवायचे. यात वापरतात तो सिमेंट नावाचा गोंद चिकटवत नाही, तर दोन्ही कडा किंचित वितळवून एकजीव करतो. त्याचा वास उग्र असतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि लहान मुलांजवळ मोठं माणूस हवं.

खोक्यावर १/७२ असा आकडा असतो. म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग. हा विचित्र आकडा आला फूट-इंचांच्या हिशोबातून. सहा फुटांत ७२ इंच असतात, त्यामुळे सहा फुटी माणूस या मापात बरोबर एक इंचाचा होतो. टायगर मॉथच्या पंखांचा खरा पसारा ८.९४ मीटर, किटमध्ये साधारण साडेबारा सेंटीमीटर. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीने १९३६ मध्येच या मापात प्लास्टिकची किट्स आणली होती. पुढे एअरफिक्सने ती घराघरांत पोहोचवली. एअरफिक्सचं टायगर मॉथ पहिल्यांदा आलं १९५७ मध्ये आणि २०१४ मध्ये त्यासाठी नवा साचा बनवला गेला. ज्यांना एवढं बारीक काम झेपत नाही, त्यांच्यासाठी युक्रेनच्या आयसीएम कंपनीचं १/३२ मापाचं किट आहे. त्यात पंख २८ सेंटीमीटरचे होतात.

जोडताना काय कळतं?

फोटो बघून न कळणाऱ्या गोष्टी भाग जोडताना कळतात. टायगर मॉथचा वरचा पंख खालच्या पंखाच्या नेमका वर बसत नाही, तो पुढे सरकवलेला आहे. किट चुकीचं आलंय असं वाटू शकतं. पण खऱ्या विमानातही तसंच आहे. पुढच्या सीटवरच्या प्रशिक्षकाला पॅराशूट घेऊन बाहेर पडता यावं, म्हणून पंख पुढे नेला. मग वजनाचा तोल बिघडू नये, म्हणून पंखांची टोकं मागे झुकवली.

वरच्या पंखाच्या मधोमध एक फुगीर भाग बसवायचा असतो. ती पेट्रोलची टाकी. ती इंजिनपेक्षा उंचावर असल्यामुळे पेट्रोल आपोआप खाली यायचं, पंपाची गरजच नाही. विमान डावी-उजवीकडे कलवणारी एलेरॉन्स फक्त खालच्या पंखांना आहेत. चाकांना ब्रेक नाहीत आणि शेपटीखाली चाकाऐवजी नुसती घसरपट्टी आहे. इंजिन सुरू करायला कुणीतरी समोर उभं राहून हाताने पंखा फिरवायचा. प्रशिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांशी बोलायचे तेही एका नळीतून.

आणि मग येतात तारा. इथेच बरेच जण किट अर्धवट सोडतात. दोन पंखांना ताठ धरणाऱ्या या तारा सहसा खोक्यात मिळत नाहीत, त्या आपणच बनवायच्या. कुणी मासेमारीची बारीक नायलॉन दोरी वापरतं. काही जण किटच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ करतात आणि केसासारखा ताणतात. वेळ जातो, पण तारांशिवाय हे मॉडेल अर्धवटच दिसतं. खऱ्या विमानात त्या नसत्या, तर पंख टिकलेच नसते.

मॉथ आणि मुंबई

कंपनीचे मालक जेफ्री डी हॅविलंड यांना कीटकांचा नाद होता, म्हणून विमानांना मॉथ हे नाव मिळालं. मराठीत मॉथला पतंग म्हणतात, त्यामुळे हे नाव इंग्रजीपेक्षा मराठीतच जास्त शोभतं! टायगर मॉथ २६ ऑक्टोबर १९३१ ला पहिल्यांदा उडालं आणि पुढे आठ हजारांहून अधिक बनली. त्याच घराण्यातल्या पस मॉथमधून जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल जुहूला आणलं. एअर इंडियाची सुरुवात तिथून झाली. फक्त पस मॉथ दोन पंखी नव्हतं. त्याला वर एकच पंख आणि बंद केबिन होती, म्हणून टायगर मॉथचं किट रंगवून टाटांचं विमान करता येत नाही.

भारतीय हवाई दलाचं टायगर मॉथ मात्र जरूर करता येतं. दुरुस्त केलेलं एक टायगर मॉथ २०१२ मध्ये हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात सामील झालं. अडचण येते ती चिन्हांची. परदेशी किटमध्ये पाण्यात भिजवून चिकटवायची जी चिन्हं येतात, ती बहुतेक ब्रिटिश हवाई दलाची असतात. बाहेर केशरी, मध्ये पांढरं आणि आत हिरवं हे आजचं वर्तुळ १९५० पासूनचं आहे. ते हाताने रंगवता येतं. त्याआधी थोडा काळ पांढऱ्यावर निळं अशोकचक्र होतं. त्या काळातलं विमान करायचं, तर काही मिलिमीटरच्या गोलात २४ आरे बसवावे लागतात, आणि ते ब्रशने होण्यासारखं काम नाही. त्यासाठी छापील चिन्हं वेगळी शोधावी लागतात.