साथीच्या काळातील साधने

‘साधन’ या साध्या शब्दाला मराठी इतिहासलेखनात जे वजन आले, ते राजवाड्यांच्या खंडांमुळे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. गावोगाव हिंडावे, वाड्यांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवावेत, मालकाची मर्जी सांभाळून कागद नकलून घ्यावेत, ही त्या पिढीची रीत. महाराष्ट्रात तेव्हा प्लेगचा फेरा चालू होता, तरी ती रीत थांबली नाही. मार्च २०२० मध्ये मात्र ती थांबली. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पुराभिलेखागारे व ग्रंथालये यांना कुलपे लागली आणि लोकांत मिसळून माहिती गोळा करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाला तर उंबरठाच ओलांडता येईना.

मग साधने शोधायची कोठे? उत्तर सर्वांना एकच सुचले: इंटरनेटवर. सिडनीच्या समाजशास्त्रज्ञ डेबोरा लप्टन यांनी त्याच मार्चमध्ये एक सामायिक टिपण सुरू केले. लोकांची गाठ न घेता मुलाखती कशा घ्याव्यात, रोजनिशा कशा लिहून घ्याव्यात, याविषयी जगभरच्या अभ्यासकांनी त्यात भर घातली. जेस्टोरने नोंदणी केलेल्या वाचकाला महिन्याला सहाऐवजी शंभर लेख फुकट वाचू दिले. इंटरनेट आर्काइव्हने २४ मार्चला आपली सुमारे चौदा लाख पुस्तके प्रतीक्षायादी न ठेवता वाचावयास दिली. जूनच्या आरंभी चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला आणि १६ जूनला ते दार मिटले. प्रकाशकांची बाजू न्यायालयात टिकली, हे खरे. परंतु ग्रंथालयांना कुलपे असताना वाचकाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्या निकालात शोधू नये.

आपल्याकडच्या अभ्यासकाची ओढ अर्थातच १८९७ कडे होती. त्याला कारणही सबळ होते. सरकारने २०२० मध्ये हाती घेतलेला साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा, म्हणजे प्लेगचाच. तेव्हा त्या प्लेगचे कागद पडद्यावर मिळतात काय, हे पाहू गेले असता प्रथम हर्ष होतो. मुंबईच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांचा १८९७ चा अहवाल घरबसल्या उघडतो. प्लेग कमिशनपुढील साक्षींचे जाडजूड खंड मिळतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातील वैद्यकविषयक अहवाल खुले ठेवले आहेत. लंडनच्या वेलकम संग्रहात तपासणीच्या रांगांची व इस्पितळांची छायाचित्रे आहेत. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने आपली जुनी पुस्तके संगणकावर आणली, हे तर आपल्या दाराशीच झाले. पूर्वी ज्या कागदांसाठी विलायतेची वारी करावी लागे, ते आता कोकणातल्या एखाद्या खेड्यातही वाचता येतात. अर्थात तेथे वीज व जोडणी टिकली तर!

परंतु चार दिवस वाचल्यावर ध्यानात येते की, हे सर्व कागद एकाच बाजूचे आहेत. किती घरे झडली, किती चुना लागला, किती माणसे छावणीत नेली, हे गॅटेकरांचा अहवाल तपशीलवार सांगतो. ज्याच्या घरात गोरा शिपाई शिरला, त्याचे म्हणणे त्यात आले तर ‘विरोध’ अथवा ‘गैरसमज’ या शीर्षकाखाली. छायाचित्रांचेही तेच. यंत्र कोणाच्या हाती होते, हे विसरून ती पाहू नयेत.

मराठी पत्रांचे काय? सरकार दर आठवड्याला देशी वृत्तपत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा काढवीत असे. हे गोषवारे आज सहज सापडतात, आणि म्हणूनच धोका मोठा. सरकारी भाषांतरकाराला जे उपद्रवी वाटले ते त्यात येते. बाजारभाव, दवाखान्याची जाहिरात, एखाद्या वाचकाचे केविलवाणे पत्र गळून जाते. भाषांतराने अर्थ कसा वाकतो, हे १९०८ च्या खटल्यात टिळकांनी कोर्टाला तासन्‌तास सांगितले होते. आजचा विद्यार्थी मात्र तेच गोषवारे ‘मराठी जनमत’ म्हणून उद्‌धृत करतो. मूळ पत्रे चाळायची तर पुन्हा ग्रंथालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

जे मराठी छापील साहित्य पडद्यावर आहे, तेही शोधावयास युक्ती लागते. ‘साथ’ असा शब्द घालून बसाल तर हाती फारसे लागणार नाही. त्या काळी ‘सांथ’ लिहीत. १९६२ च्या नियमांनी असे अनुस्वार घालविले, पण जुनी पाने आपली जुनीच राहिली. प्लेगलाही कोणी ‘गाठीचा ताप’ म्हणे, कोणी ‘ग्रंथिक सन्निपात’. त्यातून मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत, आणि तीही मन मानेल तशी टंकलेली. एकाच ग्रंथासाठी चार-पाच वर्णरचना करून पाहाव्या लागतात. चांगल्या ग्रंथपालाला हे तोंडपाठ असते, शोधयंत्राला नसते.

आणखी एक उदाहरण देतो. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांविषयी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले. प्रकरण पार्लमेंटात गाजले. परत आल्यावर त्यांस पुरावा देता येईना, पत्रे धाडणाऱ्यांची नावेही ते सांगेनात. शेवटी त्यांनी जाहीर माफी मागितली. पार्लमेंटचे वृत्त आज कोणासही वाचता येते, माफीही वाचता येते. ज्यांनी भीत भीत पुण्याहून पत्रे लिहिली, त्यांची बाजू कोणत्या शोधयंत्राने काढावी?

त्याच फेब्रुवारीच्या ९ तारखेस ‘दीनबंधु’चे नारायण मेघाजी लोखंडे आणि १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेली. सरकारी अहवालावरून त्या सेवेचा अंदाज येणार नाही.

या दृष्टीने २०२० ची एक गोष्ट मला मोलाची वाटते. टाळेबंदीत अडकलेल्या परप्रांतीय मजुरांना काही कार्यकर्त्यांनी दूरध्वनी करून त्यांची हकीकत टिपून घेतली. ‘स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क’ या त्यांच्या गटाने एप्रिलच्या मध्यावर अहवाल काढला व तो इंटरनेटवर खुला ठेवला. ११,१५९ मजुरांशी संबंधित ही माहिती. त्यांपैकी ९६ टक्क्यांना सरकारी शिधा पोहोचलेला नव्हता. तो सर्वेक्षणशास्त्राच्या काट्यावर तोलला तर उणा भरेल, कारण ज्यांनी मदतीसाठी हाक दिली त्यांचीच ही नोंद. पण १८९७ ला असा एखादा कागद मांडवीतून वा पुण्याच्या पेठांतून निघाला असता, तर आपण त्यासाठी काय दिले नसते!

८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. पुढे सप्टेंबरमध्ये, टाळेबंदीत घराकडे निघालेले किती मजूर वाटेत मेले, असे लोकसभेत विचारले गेले, तेव्हा श्रम मंत्रालयाने उत्तर दिले की, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. हे उत्तर लोकसभेच्या कागदांत छापलेले आहे. मजुरांचा अहवाल एका लहानशा गटाच्या संकेतस्थळावर निघाला, आणि अशी स्थळे भाडे थकले की नाहीशी होतात. ज्याच्यापाशी यंत्र असेल त्याने त्याची एक प्रत उतरवून घ्यावी, आणि जमल्यास कागदावर छापून जवळच्या ग्रंथालयात द्यावी.