हँडेलचे आकडे, मोझार्टची सुषिरवाद्ये

बरोक संगीत अलंकारांनी लदलेले आणि त्यानंतरचे अभिजात संगीत साधे, सुटसुटीत, असे मी अनेकदा वाचले आहे. पूर्वी स्वतः लिहिलेही आहे. 'मसाया'च्या दोन स्वरलिपी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा ते विधान मागे घ्यावे लागले.

हँडेलचा 'मसाया' १७४२ साली डब्लिनमध्ये प्रथम सादर झाला. १७८९ मध्ये व्हिएन्नात बॅरन व्हॅन स्वीटेनसाठी मोझार्टने त्याची वाद्यरचना नव्याने केली. हँडेलचा वाद्यवृंद मुख्यतः तंतुवाद्यांचा. खर्जाच्या ओळीवर कुठे आकडे, कुठे तेही नाहीत. त्यावरून हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणाऱ्याने मधले स्वर त्या क्षणी भरायचे. म्हणजे हँडेलचे पान मोकळे दिसते, पण प्रयोगात ते तसे नसे. मोझार्टने बासऱ्या, क्लॅरिनेट, हॉर्न घातले आणि भरणा कागदावर आणला. वादकाच्या हातातली गोष्ट रचनाकाराच्या लेखणीत गेली. मला खरा फरक हा वाटतो.

व्हिएन्नाच्या त्या दालनात ऑर्गन नव्हता म्हणून हे करावे लागले, असे सांगतात. ते पुरेसे नाही. अंधारात चालणाऱ्या लोकांविषयीचे एकलगीत पाहा. तिथे हँडेलची तंतुवाद्ये गायकासोबत जवळजवळ एकसुरात चाचपडत जातात. ओसाडपणा हाच त्याचा आशय. मोझार्टने तिथे सुषिरवाद्यांचे सरकते, गडद स्वर घातले. त्याचा अंधार देखणा आहे, पण तो निराळा अंधार आहे.

काही हरवलेही होते. अंतिम दिवसाच्या तुतारीचे जे गीत आहे, त्यातली ट्रम्पेटची उंच, लांबलचक ओळ वाजवण्याची विद्या तोवर मागे पडली होती. मोझार्टने ते गीत कापले आणि ट्रम्पेटचे काम कमी केले. याला 'सुटसुटीतपणा' म्हणणे मला आता जड जाते.

कळफलकावरचा माणूस मात्र एकदम उठून गेला नाही. १७९२ साली लंडनमध्ये ९८व्या सिंफनीच्या वेळी हायडन कळफलकवाद्यापाशीच बसला होता. भरण्यासारखे तिथे फारसे उरले नव्हते. सगळे लिहिलेले होते. तरी शेवटच्या भागाच्या अखेरीस त्याने या वाद्यासाठी एक छोटा, खट्याळ तुकडा लिहून ठेवला होता. तो त्याने स्वतः वाजवला.