भोपळ्याची बिअर
अमेरिकेत शरद ऋतूत, हॅलोवीन ते थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, पिण्याची मसालेदार बिअर. नाव भोपळ्याचे असले तरी चव मुख्यतः मसाल्याची असते. वसाहतकाळात माल्टची टंचाई असे, म्हणून भोपळ्याचा रस आंबवत. तेव्हा भोपळा हा स्वाद नव्हे, कच्चा माल होता. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथे बिल ओवेन्स यांनी हा प्रकार पुन्हा आणला. नुसत्या भोपळ्याने चव उतरेना, तेव्हा त्यांनी पंपकिन पायचा मसाला घातला: दालचिनी, जायफळ, लवंग, आले. आजच्या बिअरची ओळख याच मसाल्यातून घडली.

मग भोपळा निरर्थक, असा आक्षेप येतो. तो पुरता खरा नाही. माल्टमधील विकरे भोपळ्याच्या स्टार्चची साखर करतात, आणि भाजलेला गर मंद गोडवा देऊ शकतो. मात्र जायफळ जास्त झाले की तो हरवतो, आणि बहुतेक फसलेल्या बिअरचा दोष हाच. लवंगेचा वास दरवेळी मसाल्याचाच, असेही नाही: काही यीस्ट तसाच गंध निर्माण करतात. म्हणून चव घेताना बिअर बर्फगार नसावी. थंडीने गंध दबतो आणि हा भेद कळत नाही.