पंचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात पंचा म्हणजे खांद्यावरचं कापड. घाम पुसायला, उन्हात डोक्याला गुंडाळायला. पैनगंगा ओलांडून पुढे तेलंगणात गेलात, की तोच शब्द 'पंचे' होऊन थेट लग्नाच्या मांडवात बसतो. तेलुगूत पंचे म्हणजे धोतर, लग्नात तेही जरीकाठी. आणि ते नेसण्याची पद्धत म्हणजे 'पंचेकट्टु'. कन्नडमध्ये 'कच्चे पंचे' म्हणतात. त्यातला कच्चे म्हणजे आपला काचा, कासोटा. शब्द एकच, पण आपल्याकडे त्याची पार रया गेली!

'पाच हातांचा तो पंचा' ही फोड पुष्कळांच्या तोंडी असते. मला ती पटत नाही. सणाचं पंचे पाच हातांत कसं भागणार? तमिळ वेष्टीच, म्हणजे तिकडचं धोतर, बघा: साधी चार 'मुळम', मोठी आठ. मुळम म्हणजे हात. वेष्टीचं नातं संस्कृत 'वेष्ट्'शी, म्हणून ती आपल्या वेष्टनाची आणि वेढ्याची बहीण. काही तमिळ अभ्यासक मात्र तिला 'वेट्टु', म्हणजे कापणे, याच्याशी जोडतात.

खरा 'पाच' सापडतो तो तमिळ ब्राह्मणांच्या 'पंचकच्चम्'मध्ये. तिथे पाच ठिकाणी खोचावं लागतं.