थांबण्याचा इतिहास

मंडळी, गाडी धावते कशी, याच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. ती थांबते कशी, यालाही इतिहास आहे. 1902 साली फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक आणला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. जन्मसाल एक, नशीब वेगळे! डिस्कच्या तांब्याच्या पट्ट्या कर्कश ओरडत, धुळीत लवकर झिजत. ती मागे पडली. 1953 मध्ये डिस्क लावलेल्या जॅग्वारने ल माँची शर्यत जिंकली, तेव्हा तिचे दिवस पालटले.

आपल्या जुन्या अँबेसेडर, फियाट चारही ड्रमवरच थांबत. नंतर डिस्क आली ती पुढच्या चाकांना. कारण ब्रेक दाबताच भार पुढे झुकतो.

कुणी भंगारातले कॅलिपर आणून मागेही स्वस्तात डिस्क बसवू म्हणाला, तर विचार करा. हँडब्रेक बहुधा मागच्या ड्रममध्येच असतो. मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी गरकन फिरते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहेच. त्यापेक्षा नवे लायनर, व्हील सिलिंडरची रबरे, ताजे ब्रेक ऑइल यांवर पैसे घाला.

4 जुलै 2023 रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला. किमान 10 माणसे गेली. उतारावर तापलेला ब्रेक ड्रमचा असो की डिस्कचा, दगा देतोच. म्हणून घाट उतरण्याआधीच गिअर खाली घ्या.