माळ्याचे निवासी रूपांतर

उतरत्या छपराच्या घरात छपराखालची रिकामी जागा शयनगृह, अभ्यासिका किंवा तत्सम राहत्या खोलीत बदलण्याच्या बांधकामास माळ्याचे निवासी रूपांतर किंवा लॉफ्ट कन्व्हर्जन असे म्हणतात. घराचे तळक्षेत्र न वाढवता राहण्याची जागा वाढत असल्यामुळे ब्रिटनमधील जुन्या ओळघरांत व जोडघरांत ही पद्धत रूढ आहे. मराठीत ‘माळा’ हा शब्द मजला या अर्थाने, तर ‘लॉफ्ट’ हा शब्द सामान ठेवण्याच्या कप्प्यासाठीही वापरला जातो. प्रस्तुत लेखात छपराखालची जागा हा अर्थ अभिप्रेत आहे. लेखातील नियम इंग्लंडमधील आहेत.

## पूर्वतपासणी

माळा राहण्याजोगा करता येईल की नाही, हे मुख्यतः आढ्याखालची उंची, छपराची रचना आणि जिन्यासाठी मिळणारी जागा यांवर ठरते. नवी जमीन व उष्णतारोधक थर यांमुळे उपलब्ध उंची कमी होते. म्हणून कामापूर्वी आढ्याखाली सुमारे २.२ मीटर उंची असावी, असा व्यवहारातील संकेत आहे.

जुन्या घरांतील छप्पर सुटे वासे व तुळयांनी जागेवरच उभारलेले असते आणि त्याच्या मध्यभागी बरीच मोकळी जागा असते. १९६० च्या दशकानंतरच्या अनेक घरांत मात्र कारखान्यात तयार झालेल्या लाकडी कैच्या वापरल्या आहेत. त्यांच्या तिरप्या पट्ट्या संपूर्ण माळाभर पसरलेल्या असतात व त्या छपराचा भार पेलतात. पर्यायी आधार दिल्याशिवाय त्या कापल्यास छप्पर खचू शकते. अशा घरांत सहसा पोलादी तुळया बसवाव्या लागतात व खर्च वाढतो. माळ्यावरील पाण्याची टाकी, धुराडे आणि वटवाघळांचा वास यांचीही आधी पाहणी करतात. वटवाघळांना व त्यांच्या निवाऱ्यांना कायद्याने संरक्षण आहे.

## प्रकार

* छतखिडकी – छपराचा आकार तोच ठेवून उतारात खिडक्या बसवतात. हा सर्वांत कमी फेरबदलाचा प्रकार आहे.
* डॉर्मर – उतारातून उभ्या भिंतीची खिडकी बाहेर काढतात. त्यामुळे पूर्ण उंचीची जागा वाढते.
* त्रिकोणी भिंत – घराच्या बाजूचा उतार काढून तेथे आढ्यापर्यंत उभी भिंत बांधतात.
* मॅनसार्ड – मागील उतार जवळजवळ उभा करतात. हे नाव फ्रेंच वास्तुकार फ्रांस्वा मांसार (१५९८–१६६६) यांच्यावरून पडले.

## परवानग्या

ठरावीक मर्यादेतील कामास स्वतंत्र नियोजन परवानगी लागत नाही. छपरातील वाढीव घनफळ ओळघरांसाठी ४० घनमीटर व इतर घरांसाठी ५० घनमीटरपर्यंत चालते. पूर्वीच्या मालकांनी केलेली वाढही त्यात मोजली जाते. वाढीव भाग मूळ छपरापेक्षा उंच नसावा आणि रस्त्याकडील दर्शनी उताराच्या पुढे येऊ नये. सदनिकांना ही सवलत नाही आणि संरक्षित परिसरांत छप्पर वाढवण्यासाठी परवानगी घ्यावी लागते.

बांधकाम नियमांची मंजुरी ही वेगळी बाब असून ती राहत्या खोलीसाठी आवश्यकच असते. सामाईक भिंतीत तुळई बसवायची असल्यास १९९६ च्या सामाईक भिंत कायद्यानुसार शेजाऱ्यास किमान दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते.

## जमीन व जिना

माळ्याच्या मूळ तुळया बहुधा खालच्या खोलीचे छत धरण्यापुरत्याच असतात. माणसे व सामानसुमान यांचा भार त्या पेलू शकत नाहीत. त्यामुळे त्यांच्या शेजारी अधिक खोलीच्या नव्या तुळया टाकतात. त्यांचा भार भक्कम भिंतींवर किंवा पोलादी तुळयांवर जातो. त्याचे गणित संरचना अभियंता करतो.

राहत्या खोलीस कायमचा जिना लागतो. त्यावर २ मीटर मोकळी उंची अपेक्षित असते; उतरत्या छपराखाली मध्यभागी १.९ मीटर व कडेला १.८ मीटर चालते. जिना खालच्या मजल्यावरील जागा घेतो, हा हिशेब सुरुवातीलाच करावा लागतो.

## अग्निसुरक्षा

तळमजला व पहिला मजला असलेल्या घराचा माळा राहता झाला की वर आणखी एक मजला तयार होतो. जमिनीपासून ४.५ मीटरपेक्षा उंच मजल्यावरून खिडकीवाटे सुटका करून घेणे सुरक्षित मानले जात नाही. म्हणून वरच्या खोलीपासून घराच्या बाहेरील दारापर्यंतचा जिना आगीपासून सुरक्षित ठेवतात: त्याभोवतीच्या भिंती सर्वसाधारणपणे ३० मिनिटे आग रोखतील अशा करतात, खोल्यांना अग्निरोधक दारे बसवतात आणि प्रत्येक मजल्यावर परस्परांशी जोडलेले धूरसूचक लावतात. जिना थेट दिवाणखान्यात उतरत असल्यास सहसा तेथे नवी भिंत घालावी लागते किंवा सुटकेचा दुसरा मार्ग ठेवावा लागतो. थोडक्यात, बदल माळ्यापुरता न राहता सर्व मजल्यांवर होतो.

## उष्णतारोधन

छपराखालची खोली उन्हाळ्यात तापते व हिवाळ्यात गारठते. त्यामुळे वाशांच्या मध्ये व खालून उष्णतारोधक थर देतात. छपराच्या रचनेनुसार थर व छपराचे अस्तर यांत हवा खेळण्यासाठी सहसा ५० मिलिमीटर पोकळी ठेवतात; ती नसल्यास बाष्प साचून वासे कुजू शकतात.

## महाराष्ट्रातील माळा

कोकणातील कौलारू घरांत व जुन्या वाड्यांत माळा मुख्यतः साठवणीसाठी वापरला जाई. कौलांखाली उष्णतारोधन नसल्याने तेथे दिवसा फार उकडते. मुंबईच्या चाळींतील पोटमाळा ही वेगळी रचना आहे: तो छपराच्या पोकळीत नसून खोलीच्याच उंचीत घातलेला अर्धवट मजला असतो. मात्र भार, डोक्यावरील उंची व सुटकेचा मार्ग हे प्रश्न तेथेही तेच आहेत. अशा कामास स्थानिक प्राधिकरणाचे बांधकाम नियम लागू होतात.