ओव्हन नसला तरी चालेल, कढईत करा केळी-ओट्सच्या कुकीज

जळगाव : रावेर, यावल, चोपडा भागात केळी घरोघरी असतात. पण सालीवर काळे डाग पडले की त्यांना कुणी हात लावत नाही. कुकीजसाठी मात्र हीच केळी हवीत. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते, त्यामुळे वरून साखर लागत नाही.

साहित्य : २ जास्त पिकलेली केळी, दीड वाटी ओट्स, २ चमचे शेंगदाण्याचं कूट, २ चमचे मनुके, वेलची पूड, चिमूटभर मीठ.

कृती : केळी कुस्करून सगळं एकत्र करा, १० मिनिटं झाकून ठेवा. सैल वाटलं तर थोडे ओट्स वाढवा. तूप लावलेल्या ताटलीत छोट्या चपट्या टिक्क्या थापा. जाड कढईत मिठाचा थर देऊन, झाकण ठेवून १० मिनिटं तापवा. आत स्टँडवर ताटली ठेवा, पुन्हा झाकून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं भाजा. कडा तांबूस झाल्या की उतरवा.

लक्षात ठेवा : या कुकीज मऊच राहतात आणि ओलसर असल्याने लवकर खराब होतात. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. बिनसाखरेच्या आहेत म्हणून मधुमेहींनी मनसोक्त खाऊ नयेत. केळी-मनुक्यांनीही रक्तातली साखर वाढतेच.